बोय गळाला लागत नाही

बोय गळाला लागत नाही, हे नूरुद्दीनला बोलायला यायच्या आधीपासून ठाऊक होतं म्हटलं तरी चालेल. रत्नागिरीकडच्या त्याच्या खाडीकाठच्या गावात हे कुणी कुणाला शिकवत नसे. बोय मासळी शेवाळ खाते, चिखल चाखते, तुमच्या आमिषाकडे ढुंकून बघत नाही. तिला पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून धरायचं, नाहीतर तिच्या नादी लागायचं नाही. त्यामुळे त्याची लेक मुनिबा जेव्हा म्हणाली, आपण बोय गळावर धरू, तेही आमिष न लावता, दोऱ्याची खोटी माशी करून, तेव्हा तो इतका हसला की फरिदा स्वयंपाकघरातून बघायला आली. थंडीत आजारी पडल्यापासून नवरा असा हसला नव्हता. म्हणून तर तिने दोघांना जाऊ दिलं. एरवी ऐन उन्हाळ्यात तिने त्याला गच्चीवरही सोडलं नसतं.

आजार म्हणजे अर्धांगाचा झटका. पाय वळणावर आला, जीभ तर पहिल्यापेक्षा जास्त चालू लागली, पण उजव्या हाताची बोटं रुसून बसली. हलत होती, पण त्यांना काही कळत नव्हतं. हा माणूस ओमानमधल्या बौशरमध्ये उभं आयुष्य दिशदाशे, म्हणजे तिथले पायघोळ अंगरखे, शिवत आलेला. ओमानी दिशदाशाच्या गळ्याशी रेशमी गोंडा लोंबतो, त्याला फुराखा म्हणतात. नूरुद्दीनसारखा फुराखा कुणी वळत नाही म्हणून गिऱ्हाइकं लांबून येत. बरं वाटल्यावर एकदा हट्टाने त्याने सुई धरली. पांढऱ्या कापडावर लाल ठिपका उमटला, तेव्हा कुठे त्याला समजलं की सुई बोटात गेली आहे. त्याने कापडाची घडी केली आणि अंगुस्तान भागीदाराच्या, यूनुसच्या हातात ठेवलं. बकरी ईदपर्यंत बोटांना कळू लागलं तर ठीक, नाहीतर दुकान यूनुसचं आणि आपण गावी. गावी जाऊन करणार काय, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

कुरियातच्या पुढे एक वादी, म्हणजे डोंगरातून येणारा ओढा, समुद्राला मिळते. उन्हाळ्यात मिळत नाही. वाळूच्या बांधाअलीकडे एका डोहात थकून थांबते. उजाडता उजाडता बापलेक तिथे पोहोचले. पाणी इतकं उतरलेलं की जुन्या पाण्याची खूण दगडांवर कमरेएवढ्या उंचीवर दिसत होती.

"एवढ्याशा पाण्यात काय असणार गो?" नूरुद्दीन म्हणाला.

"खाली वाका अब्बा. शॅडो नका पाडू." मुनिबा मदिनत सुलतान काबूसच्या एका शाळेत शिकवायची. स्कॉटलंडला वर्षभर शिकायला गेली, तिथून डिग्रीबरोबर हा नादही घेऊन आली. "तिकडे समरमध्ये नदी अशीच लो असते. ट्राउटला मग सगळं दिसतं. म्हणून लाइन एकदम थिन, फ्लाय एकदम छोटी. आणि सगळं... काय म्हणतात ते... दमानं."

तिची माशी म्हणजे फुराख्याच्या हिरव्या रेशमाचा चिमूटभर झुपका. शेवाळाच्या तुकड्यासारखा. रात्री ती तो बांधत होती तेव्हा नूरुद्दीनने तीनदा तिची गाठ सोडायला लावली होती.

उन्हाची पहिली तिरीप डोहावर आली. पाण्याचा वरचा पापुद्रा जागोजाग हलत होता. शेकडो बोय तोंडं वर काढून तरंगतं शेवाळ टिपत होत्या. लहानपणापासून त्याने बोय पाहिली होती ती पागात तडफडणारी, नाहीतर कालवणात. अशी निवांत जेवताना कधी पाहिली नव्हती. त्याला वाटलं, आपण न बोलावता कुणाच्या तरी दस्तरखानापाशी येऊन उभे राहिलो आहोत.

मुनिबाने दोरी फेकली आणि काठी त्याच्या डाव्या हातात दिली. दोरी उजव्या हाताच्या बोटांमधून नेली.

"कळतंय?"

फरिदाला तो रोज सांगायचा, थोडं थोडं कळतंय. इथे त्याला खोटं बोलवेना. "नाही."

"मग लाइनकडे बघत राहा. टिप हलली की फक्त उचला. हळू."

टोक हललं. आणि खाडीकाठच्या माणसाने तेच केलं जे त्याच्या सात पिढ्यांनी केलं असतं: खांद्यापासून सणसणीत हिसडा दिला. बारीक दोरी तुटून कानाशेजारून उडाली. सगळ्या बोय एकदम बुडाल्या.

"अब्बा!"

"लागली होती," नूरुद्दीन पुटपुटला. तुटल्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. "बोय लागली होती गो. गळाला!"

मुनिबाने नवी माशी बांधली. ऊन आता पाठीवर बसू लागलं होतं. तिने घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, ही शेवटची. बोय पुन्हा वर आल्या. त्याच वेळी पलीकडच्या काठाने एक बगळा पाण्यात उतरला, आणि त्याच्या पायांना वाट देत मासे अलगद दोन्हीकडे सरकले. नूरुद्दीन बघतच राहिला. काठी, दोरी, ईद, सगळं विसरला.

"घेतलान!" तो ओरडला.

"कुठे? लाइन हलली पण नाही," मुनिबा म्हणाली, आणि तेवढ्यात दोरी ताठ झाली. नूरुद्दीनने काठी उचलली. हळू. बोय निघाली ती थेट वाळूच्या बांधाकडे, दोरी त्याच्या बोटांमधून सरसरत गेली, मग हातभर लांब चांदी पाण्याबाहेर उसळली आणि धपकन आपटली. तो तिच्याशी भांडला, तिला विनवलं, मध्येच बिस्मिल्ला म्हणाला. शेवटी मुनिबा गुडघाभर पाण्यात उतरली. पाणी कोमट होतं, मासा दमला होता. तिने त्याला बाहेर न काढताच गळ सोडवला. बोय क्षणभर तिच्या तळव्यावर थांबली आणि गेली.

मुनिबा वळली तेव्हा तिला आठवलं. "अब्बा, तुम्ही तर त्या बगळ्याकडे बघत होता. मग तुम्हाला कळलं कसं?"

नूरुद्दीन उजवा हात डोळ्यांसमोर धरून उभा होता. तर्जनीवर दोरी घासल्याची लाल रेघ उमटली होती.

"चरचरतंय," तो म्हणाला. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "चरचरतंय गो!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानातही नव्हतं.

मुनिबा गाडीकडे पळाली आणि बर्फाच्या पेटीतली गार बाटली घेऊन आली. ती बोटावर पाणी ओतणार, तोच त्याने हात मागे घेतला.

"थांब. इतक्यात नको," नूरुद्दीन म्हणाला. "दुखू दे जरा."