चौथा रेडिओ

मॅलकीनं मेलेला रेडिओ टॉवरवरून सोडवला आणि तिथूनच, चाळीस फुटांवरून, खाली भिरकावला. पांढरा डबा खडकावर फुटला. दोन मेंढ्या उधळल्या.

"जा मर!" तो ओरडला. वाऱ्यानं ते त्याच्याच तोंडात परत कोंबलं.

एप्रिलपासूनचा हा चौथा. आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात त्या डोंगरावरच्या एकाच टॉवरवरच्या रेडिओतून खालच्या त्रेचाळीस घरांना इंटरनेट जायचं, आणि दर तीन-चार आठवड्यांनी रेडिओ आतून जळायचा. पहिल्या वेळी मॅलकीनं रेडिओ बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. दुसऱ्या वेळी आभाळातल्या विजेच्या. तिसऱ्या वेळी डेक्लन सापडला.

डेक्लन म्हणजे बहिणीचा नवरा. अकरा वर्षं टॉवर चढायच्या कामात दोघं एकाच दोराला लटकले होते. त्या रविवारी माणसं चर्चमधून बाहेर पडताना, सगळ्यांच्या देखत, मॅलकी त्याला म्हणाला, "जोड ढिले ठेवतोस, पाणी शिरतं, आणि भोगायचं मी. तुझ्या हातात काही राहिलं नाही."

डेक्लननं तोंड उघडलं, भोवतीच्या माणसांकडे बघितलं, आणि मिटलं. दुसऱ्या दिवशी चढायचा पट्टा मॅलकीच्या दाराला अडकवून गेला. आता येत्या शुक्रवारी तो स्कॉटलंडला निघणार होता, पवनचक्क्यांच्या कामावर, बायकोपोरांसकट, कायमचा. बहीण मॅलकीचा फोन घेत नव्हती.

आणि डेक्लनचा हातही न लागलेला हा रेडिओ, मॅलकीनं स्वतः जोडलेला, तोही गेला. आता राग काढायला कोणी उरलं नव्हतं.

तो खाली उतरला. ओल्या गवतात पाय टेकला, हात अजून लोखंडावर होता, आणि कोपरापर्यंत झिणझिणी गेली. तो थबकला. तळहात पुन्हा टेकवला. टक्. सेकंदभरानं परत, टक्.

"अरे तुझ्या आयला."

गुडघ्यावर बसून त्यानं काटेरी झुडपं बाजूला केली. टॉवरच्या पायाशी अर्थिंगची तांब्याची सळई होती, आणि तिला मेंढ्यांच्या विजेच्या कुंपणाचीही अर्थिंगची तार बांधली होती. कुंपणाच्या झटका मशीनचा एकेक ठोका सळईतून टॉवरला, टॉवरमधून रेडिओला. रात्रंदिवस.

कुंपण अ‍ॅट्रॅक्टाबाईचं, रानही तिचंच. मॅलकी तिच्या स्वयंपाकघरात घुसला तेव्हा ती पावाचं पीठ मळत होती.

"बाई! माझ्या टॉवरला तुमच्या मेंढरांचा करंट जोडलाय!"

"बूट काढ आधी."

"बूट गेले खड्ड्यात! चार रेडिओ जळाले माझे! कुठल्या गाढवानं बांधली ती तार?"

म्हातारीनं हाताचं पीठ झटकलं. "गाठ बघितलीस का?"

"गाठीचं काय घेऊन बसलात?"

पण बोलता बोलताच त्याचा आवाज खाली आला. निळी सुतळी. तीन वेढे, आणि टोक उलटं आत खोचलेलं. वरच्या प्रत्येक केबलवर तीच गाठ होती. गावात तशी बांधणारा माणूस एकच.

"एप्रिलमध्ये माझी कोकरं रस्त्यावर जात होती," बाई म्हणाली. "वर सगळा खडक, कुंपणाची सळई काही जमिनीत शिरेना. तूच म्हणालास, बाई, याच्यापेक्षा चांगलं अर्थिंग अख्ख्या गावात नाही. दहा मिनिटांत बांधलंस, वर दोन कप चहा ढोसलास."

मॅलकी खुर्चीवर टेकला.

"मग बोलला का नाहीत?"

"मला काय कळतं त्यातलं? डेक्लननं शोधलं. विचारलं, कुणी बांधलं. मी सांगितलं. तर म्हणाला, तुम्ही काही बोलू नका, रविवारी मीच सांगतो त्याला."

चुलीवरची किटली शिट्टी वाजवायला लागली. बाईनं ती उतरवून ठेवली.

"त्यानं सळई आणून ठेवली होती माझ्यासाठी," बाई म्हणाली. "गोठ्यामागे आहे. ओढ्याकाठी माती खोल आहे, तिथं ठोकू म्हणाला. पण ठोकायला दोघं लागतात."

मॅलकीनं झटका मशीन बंद केलं, आपली गाठ सोडली. आठ फुटी सळई गाडीत मावेना, तशीच मागच्या दारातून बाहेर लोंबकळत ठेवली. रस्ताभर तो शिव्या देत होता, फक्त कुणाचं नाव घेत नव्हता.

डेक्लन अंगणात खोकी बांधत होता. त्यानं गाडी बघितली, लोंबकळणारी सळई बघितली, आणि दोरी खाली ठेवली.

मॅलकी उतरला. त्यानं सळईकडे बोट दाखवलं.

"एकट्यानं होत नाही ते," तो म्हणाला.

डेक्लननं अर्धवट बांधलेलं खोकं बाजूला सारलं. मग गाडीत बसला.

ओढ्याकाठी पोचल्यावर मोठा हातोडा डेक्लननं उचलला. वजन तोलून पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"तू धर," तो म्हणाला. "मी ठोकतो."

मॅलकीनं सळई दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि डोकं मागे घेतलं नाही.