अकरा तारखेचं जेवण

हातमोजे, १४० जोड.

जलीलनं बिलाच्या या ओळीखाली अंगठ्याचं नख ओढलं, कापडावर खडूची रेघ मारावी तसं.

"सात दिवस," तो काउंटरमागच्या मुलीला म्हणाला. "म्हंजे रोज वीस जोड?"

"आयसीयूत लागतात चाचा." तिच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, गौरी. "दर वेळी नवे."

"आमाला अम्मीच्या हाताला हात लावू दिला न्हाय," मागून त्याचा मुलगा फिरोज म्हणाला.

सिरिंज. कापूस. चिकटपट्टी. इतर साहित्य.

"हे इतर म्हंजे काय?"

"वर जे आलं न्हाय ते."

"वर तर कापूससुद्धा आलाय."

गौरी स्क्रीनकडं बघत राहिली. लोहाऱ्यात चाळीस वर्षं जलीलनं कपडे शिवले. दोरा, काज, बटण सगळं शिलाईतच.

"दोऱ्याचे पैसे वेगळे लावले असते," तो फिरोजला म्हणाला, "तर आपलीबी माडी झाली असती."

फिरोज हसला नाही. टमटम विकून त्यानं मघाशीच सगळे पैसे भरले होते. बिलावर शेवटचा शिक्का बसला की खालच्या शवगृहातून शरिफाबीला नेता येणार होतं.

मोठे डॉक्टर, भेट शुल्क, १४ वेळा.

सात दिवसांत जलील आयसीयूत आत गेला दोनदा. एरवी काचेतूनच. दुसऱ्यांदा शरिफाबीला एक विचारायचं होतं. निकाहात ठरलेली मेहर, पाचशे पंचवीस रुपये, बत्तीस वर्षांत द्यायची राहून गेली होती. ती बायकोच्या हक्काची. नवऱ्यानं द्यावी, नाहीतर तिनं जित्तेपणी माफ करावी. तो कानाशी वाकला होता. "शरिफा, ते मेहरचं..." तिच्या तोंडात नळी होती. तिनं पापण्या मिटल्या. माफी होती की गुंगी, हे कळायच्या आत नर्सनं वेळ संपल्याचं सांगितलं.

रुग्ण आहार, ता. ११, दोन वेळ, ६०० रु.

नख थांबलं.

"आज अकराच ना?"

"व्हय."

"ती पहाटं, फजरच्या नमाजाआधीच गेली."

गौरीनं कागद बघितला, मग स्क्रीन.

"कॉम्प्युटर आपोआप टाकतोय चाचा. एवढं कमी करते. बाकीचं माझ्या हातात न्हाय."

"आणि आधीचे सहा दिवस?" फिरोज पुढं झाला. "नळीवरच्या बाईचं जेवण कुणी खाल्लं?"

जलीलनं त्याचा दंड धरला.

"चल. तुझी अम्मी खाली एकटीच हाय."

गौरीनं बिलावर शिक्का मारला. पाचशेची एक आणि शंभराची एक नोट पुढं सरकवली. जलीलनं शंभराची परत केली.

"सुटे द्या पोरी. पंचवीस वेगळे पाहिजेत."

तिनं दिले. उरलेले पंचाहत्तर त्यानं फिरोजच्या हातावर ठेवले.

खाली शवगृहात, शरिफाबीजवळ उभं राहून, नर्सनं दिलेल्या पिशवीतून त्यानं तिची ओढणी काढली. बाजारातून येताना ती सुटे पैसे जिथं बांधायची, त्याच कोपऱ्यात पाचशे पंचवीस ठेवून गाठ मारली. शिंप्याची गाठ, पक्की बसली.

फिरोज बघत होता.

जलील ओढणी हातात धरून तसाच थांबला, समोरून काही ऐकू यायचं असल्यासारखा.