अ‍ॅव्होकाडोच्या फुलांची वेळ

मी ह'लेनशी लग्न करून, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, तिच्या घरी नांदायला आलो, तेव्हा दारात अ‍ॅव्होकाडोचं एकच झाड उरलं होतं. जोडीचं झाड आदल्या वर्षी वादळात पडलेलं. उरलेल्याला मोहर एवढा की पान दिसेना, आणि फळं चार. मी म्हटलं, पाडून टाकू, तिथं कॉफी लावू.

"आठ दिवस थांबा, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "फुलं करतात काय, ते तरी बघू."

त्यांनी मागावरचे तांबडे दोरे घेऊन बारा फुलांच्या देठांना बांधले आणि झाडाखाली बसून राहिल्या.

"हजेरी घेताय का फुलांची?" मी चिडवलं.

"घेतेय. तुमच्यापेक्षा वेळेवर येतात."

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. सकाळी फूल उघडलं, तेव्हा मधला दांडा ओला, चकचकीत होता, पराग नव्हता. दुपारपर्यंत ते मिटलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तेच दोरा बांधलेलं फूल परत उघडलं. आता पिवळी पूड सुटली होती आणि दांडा सुकून गेला होता.

"आधी बाई, मग बुवा," सासूबाई म्हणाल्या. "एका घरात राहून तोंड बघत नाहीत एकमेकांचं. आणि सगळं झाड याच वेळा पाळतं. मग सकाळी पराग यायचा कुठून?"

"म्हणजे कुळातल्या कुळात लग्न नको, असंच ना?"

"नाहीतर तुम्हाला दोन नद्यांपलीकडून कशाला आणलं असतं?"

त्यांच्या बहिणीच्या गावात वेगळ्या जातीचं झाड होतं. मी सकाळी तिथं जाऊन पाहिलं, तर नऊ वाजताच पराग सुटलेला. त्या झाडाच्या वेळा बरोबर उलट्या होत्या. मोहराच्या फांद्या पाण्याच्या बादलीत घालून मी मोटरसायकलवरून आणल्या आणि बादली आमच्या झाडाला टांगली. मधमाश्या इकडून तिकडे जाऊ लागल्या. मोहर सरेपर्यंत मी रोज ताज्या फांद्या आणत राहिलो.

त्या वर्षी बरीच फळं गळली, तरी शंभरावर टिकली. पहिलं फळ सासूबाईंनी साखर घालून कालवलं आणि वाटी माझ्यापुढे ठेवली. पावसाळ्यात आम्ही त्या दुसऱ्या जातीचं कलम अंगणात लावलं.

नखाएवढं ते फूल. अजूनही मोहर आला की सकाळची कामं टाकून मी त्याच्याकडे बघत बसतो, आणि ह'लेन आतून हाका मारत राहते.