ती फाटकाबाहेर, मी आत

मित्रांनो, मैदानामागच्या सामानाच्या खोलीत फाटक्या जाळ्यांच्या ढिगाखाली एक निळा, कडेने कुरतडलेला पॅड पडला आहे. तो मी. हॉकीच्या गोलरक्षकाच्या डाव्या पायाचा पॅड. उजव्या पायाचा माझा जोडीदार माझ्याखाली दबलेला आहे, म्हणून बोलायचे काम माझ्याकडे आले.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. फोमचे जाड थर एकावर एक चिकटवून, तापलेल्या तारेने कापून मला आकार दिला गेला. कापणाऱ्या बाईने माझ्या पोटात एक गुद्दा हाणून पाहिला. तिचा हात उडून मागे आला, तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "हा खाईल मार!" मग मला पट्टे लावले, बकलं लावली आणि मुलींच्या एका लहानशा क्लबने आम्हा दोघांना घरी आणले.

क्लबकडे गोलरक्षकाच्या सामानाचा एकच संच होता. जी गोलात उभी राहील तिने तो अंगावर चढवायचा. पुष्कळ पाय आले आणि गेले. कुणी खेळ संपल्यावर आम्हाला चिखलासकट कोपऱ्यात भिरकावले, कुणी उशाला घेऊन झोप काढली. मग ती आली.

तिला सगळ्या 'कुलूप' म्हणत. चेंडू माझ्यावर धाडकन आदळून परत गेला की मुली ओरडत, "लागलं गं कुलूप!" गोलात उभी राहिली की तिच्या तोंडाला मात्र कुलूप नसे. "अगं, डावीकडे बघ! ती मोकळी उभी आहे ती काय तुझी आत्या आहे?" असे ती आपल्याच बचावपटूंना सुनवायची. खेळ संपला की ओल्या फडक्याने आम्हाला पुसायची आणि सावलीत उभे करून वाळवायची. हे वळण आईचे. तिची आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर चादरी उकळायच्या, पिळायच्या, वाळवायच्या. आईला लेकीने त्या वाफेत यावे असे वाटत नव्हते. लेकीलाही वाटत नव्हते.

मग साथ आली. मैदानाला टाळे लागले. उंदरांशिवाय आमची चौकशी करायला कुणी आले नाही. बऱ्याच महिन्यांनी फाटक उघडले ते नियमांच्या फलकासह. त्याच सुमारास निवड समितीने सामने ठेवले. ज्या मुली निवडल्या जातील त्यांना क्रीडा वसतिगृहात राहणे, शिकणे आणि खेळणे मिळणार होते. कुलपाचे हे शेवटचे वर्ष होते, पुढच्या वेळी वयात बसली नसती. सर, म्हणजे तिचे प्रशिक्षक, सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बाकीच्यांचं मला माहीत नाही. कुलूप आत जाणार म्हणजे जाणार."

फलकावर एक नियम असा होता की कपडे बदलायच्या खोल्या बंद राहतील, खेळाडूंनी घरूनच तयार होऊन यावे. बाकीच्या मुलींना त्याचे काही नव्हते. त्यांनी अंगात एक सदरा घातला की झाल्या तयार. पण गोलरक्षकाने घरून तयार होऊन यायचे म्हणजे छातीचे कवच, हातमोजे, डोक्यावर हेल्मेट आणि मांडीपर्यंत आम्ही. हा नियम लिहिणाऱ्याने गोलरक्षक कधी पाहिला नसावा. सरांनी पाहिला होता, पण त्यांच्याही डोक्यात आले नाही. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी तिला सगळे सामान घरी नेऊ दिले आणि बजावले, "उद्या उशीर नको."

बस बंद होत्या. ती भर उन्हात फेंगड्या पायांनी चालत निघाली. सायकल दुरुस्त करणारे काका दुकानाच्या फळीवरून ओरडले, "काय गं, चंद्रावर निघालीस?"

"हो काका, तिथं साथ नाही म्हणे!" ती हेल्मेटच्या आतून ओरडली. घाम तिच्या पायांवरून ओघळत माझ्या अस्तरात मुरत होता.

फाटकाशी संघ अंतर ठेवून रांगेत उभा होता. ताप मोजणाऱ्या बाईने तिला हेल्मेट काढायला लावले आणि ते यंत्र कपाळासमोर धरले. यंत्र पिपाणीसारखे वाजले. आकडा लाल झाला होता.

"घरी कोण काय करतं?" बाईने विचारले.

"आई इस्पितळात आहे. धुलाईला."

बाई मागे सरकली. कुलूप म्हणाली, "ताई, मी हे सगळं घालून चालत आलेय. जरा सावलीत बसू द्या, मग परत बघा ना."

"परत-बिरत काही नाही. ताप दिसला की घरी, आणि घरातल्या सगळ्यांनी घरातच थांबायचं. ही कुणाच्या संघातली? तिच्याबरोबर सराव केलेल्या सगळ्याच आज बाहेर."

सर पुढे आले. आदल्या दिवशीच त्यांनी सगळ्या मुलींचा एकत्र सराव घेतला होता. त्यांनी रांगेकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"आमच्या संघातली नाही ही," ते म्हणाले. "पॅड क्लबचे आहेत. ते पोचवायला आलीय."

"अंगावर घालून?"

"पोरी आहेत. हौस असते."

रांगेत कुणी काही बोलले नाही. सरांनी जमिनीकडे बघत म्हटले, "काढ गं ते. आत द्यायचेत." त्यांनी तिला कुलूप म्हटले नाही.

ती फाटकाबाहेर जमिनीवर बसली. एरवी चुटकीसरशी सुटणारी बकलं त्या दिवशी तिच्या बोटांना सापडत नव्हती. तिने कवच, हातमोजे सगळे उतरवले, आम्हाला फाटकाला टेकवून नीट उभे केले आणि ती बाजूला झाली. पहारेकऱ्याने आमच्यावर औषध फवारले. ते ठिबकत असतानाच संघातली चिमणी आम्हाला उचलून आत घेऊन गेली.

चिमणी आघाडीला खेळणारी, चणीने लहान, गोलात कधी उभी न राहिलेली. तिच्या पायांवर मी सारखा फिरून कडेला जात होतो. चेंडू येत होते आणि माझ्या शेजारून जात होते. मध्येच तारेच्या कुंपणापलीकडून एक ओळखीची हाक आली, "चिमणे, पुढे ये! घाबरू नको, पुढे!" चिमणी डोळे मिटून पुढे धावली आणि तो एक चेंडू माझ्यावर आदळला. मग पहारेकऱ्याने कुंपणावर काठी आपटली आणि ती हाक पुन्हा आली नाही.

आम्ही हरलो. तरी आघाडीच्या दोन मुली निवडल्या गेल्या. चिमणी त्यांत नव्हती.

कुलपाला ताप आला नाही, ना त्या रात्री, ना नंतर. पण तिला आणि आईला दार लावून बसावे लागले. पुढे समितीने कळवले की नियमामुळे बाहेर राहिलेल्या खेळाडूंची वेगळी चाचणी होईल, प्रशिक्षकांनी फक्त नावे द्यावीत. सरांनी तो निरोप सामानाच्या खोलीत उभ्या उभ्या वाचला आणि ते माझ्या शेजारी बाकावर बसले. तिचे नाव द्यायचे म्हणजे ती संघातली होती हे कबूल करायचे. मग त्या दोघींच्या निवडीचे काय? फोन खिशात घालून त्यांनी आम्हाला स्कूटरच्या मागे बांधले आणि ते तिच्या घरी गेले.

ते दारातच उभे राहिले. "हे पॅड घरीच ठेव," ते म्हणाले. "क्लबकडून पुढेही तूच खेळायचंस."

"सर, त्या दिवशी तुम्हाला खरंच वाटलं मला ताप आहे?"

सर आमचे पट्टे उगाच आवळू लागले.

"नव्हतं वाटलं. वाटलं असतं तर माझ्या अंगावरचे पॅड तुम्ही चिमणीला घातले नसते."

आई आतून म्हणाली, "सर, आम्ही मळकी चादरसुद्धा दोनदा उकळून बघतो, मग बाद करतो. पोरीला तुम्ही एकदाच बघितलंत."

"माझं नाव कळवा ना, सर," ती म्हणाली. "अजून वेळ आहे. मी कुणाबद्दल काही बोलणार नाही."

"त्या दोघी परत घरी येतील गं," सर म्हणाले.

तिने आम्हाला हात लावला नाही. "मग राहू दे," एवढे म्हणून तिने दार लोटून घेतले. सरांनी आम्हाला पुन्हा स्कूटरवर बांधले.

त्यानंतर ती मैदानावर आली नाही. क्लबने पुढे नवे पॅड घेतले, हलके आणि पांढरे. आम्ही जाळ्यांखाली गेलो. सर कधी कधी खोलीत येतात, काही शोधल्यासारखे करतात आणि रिकाम्या हाताने परत जातात. परवा मुलींच्या बोलण्यातून कळले की ती आईबरोबर धुलाईघरात जाते. तिचे हात सोलवटलेले असतात म्हणे.

मित्रांनो, नियम पाळू नका असे मी सांगणार नाही. त्या साथीत नियमांनी पुष्कळ जीव वाचवले. फाटकावरच्या त्या बाईलाही मी दोष देत नाही, ती कुलपाला ओळखत नव्हती. माझे मागणे तुमच्यापाशी आहे. सामान जपायला तुम्हाला शाळेत शिकवतात. पॅड पुसा, काठी कोरडी ठेवा. जरूर ठेवा. पण तुमच्यातल्या एखादीला कुणी फाटकाबाहेर थांबवले, तर नुसते उभे राहू नका. ती आमची आहे, एवढे तरी मोठ्याने म्हणा. त्या दिवशी रांगेत अख्खा संघ उभा होता, आणि ती आपलीच आहे हे त्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होते.