उशीर करणे हेच माझे काम

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मी संतापलेलो आहे. अंगावर धूळ बसली म्हणून नव्हे. धुळीची मला सवय आहे.

माझी उमेदीची वर्षे एका कंपनीत पत्रे टंकण्यात गेली. पुढे चपळ संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून मला उचलले ते ताईने. कंपनीत तयार झालेले प्रोग्रॅम तपासणे हे तिचे काम. तिने माझ्यात फुकट मिळणारे मुक्त सॉफ्टवेअर घातले, पाठीत दुसरी केबल खोचली आणि मला दोन नव्या संगणकांच्या मधोमध बसवले. एकाकडून निघालेली प्रत्येक गोष्ट माझ्यातूनच दुसऱ्याकडे जाई. मी ती रखडवत असे, अधूनमधून एखादा तुकडा चक्क हरवत असे. दूरच्या डोंगरावरची अशक्त इंटरनेट लाइन जशी वागते, तसा मी वागायचो.

तो डोंगर खराखुरा होता. ताईचा धाकटा भाऊ तिथल्या दवाखान्यात डॉक्टर होता. जखमेचा फोटो पाठवून शहरातल्या तज्ज्ञाचा सल्ला घेता यावा, म्हणून नवा प्रोग्रॅम अशाच दवाखान्यांसाठी बनत होता. फोनवर भावाचा आवाज तुटू लागला की ताई माझा वेग आणखी उतरवी. "आता कसा, अगदी त्याच्या लाइनसारखा झालास!" म्हणत मला टपली मारी. इतके कौतुक माझे कुणी केले नव्हते.

माझ्यातून फोटो जाईना. शेवटाजवळ येऊन तुटे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

"साहेब, हे आधी दुरुस्त करायला हवं," ताई तिच्या वरिष्ठांना म्हणाली.

"अगं, हे धूड रखडतंय, त्याला प्रोग्रॅम काय करणार?"

"ते रखडावं म्हणूनच ठेवलंय तिथे!"

"मग आज त्याला सुट्टी दे. पाहुणे प्रोग्रॅम बघायला येतायत."

ताई जेवायला गेली. साहेबांनी माझ्या दोन्ही केबल उपटल्या आणि ते संगणक थेट एकमेकांना जोडले. फोटो क्षणात पोहोचला. टाळ्या पडल्या. ताई परतली तोवर प्रोग्रॅम मंजूर झाला होता. ती भांडली, पण तिचे कुणी ऐकले नाही. मी टेबलाखाली आंधळ्यासारखा पडून होतो.

काही आठवड्यांनी तिच्या भावाचा फोन आला.

"ताई, फोटो परत पहिल्यापासून जातोय गं! सुताराचा हात करवतीत गेलाय. बोटं जोडता येतील का, एवढंच विचारायचंय. ताई, ऐकू येतंय का?"

मग लाइन तुटली. उत्तर पोहोचले तेव्हा वेळ टळून गेली होती.

"लाइनच खराब, आपण काय करणार?" साहेब म्हणाले.

लाइन खराब आहे, हेच तर मी रोज कानीकपाळी ओरडून सांगत होतो! माझे सांगणे तुम्हाला बिघाड वाटले!

ताईने मला उचलून टेबलावर ठेवले आणि सर्वांदेखत दोन्ही केबल खोचल्या. "आता जे जाईल ते ह्याच्यातून," एवढेच म्हणाली. केबल काढायला कुणाचा हात पुढे आला नाही.

मित्रांनो, मला जपा, पुसा, असे मी विनवणार नाही. फक्त जो मधे बसून तुमची चूक दाखवतो, त्याला उपटून टाकू नका. प्रोग्रॅम आता सुधारला आहे; तुटला तर तुटल्या जागेपासून पुढे जातो. तरी मी त्याला तसूभरही सूट देत नाही. तिकडे डोंगरावर तो सुतार डाव्या हाताने रंधा धरायला शिकतो आहे.