चौतीसवरून एकाहत्तर

मार्चमध्ये लष्कराच्या भरती परीक्षेत डेल्सी नेपियरला चौतीस गुण पडले, तेव्हा कुणाच्या कपाळावर आठी उमटली नाही. केंटकीच्या डोंगरातली पोर, लाँड्रीत काम करते, तिला चौतीस म्हणजे पुष्कळच झाले. जुलैमध्ये तिने तीच परीक्षा पुन्हा दिली, एकाहत्तर मिळवले, आणि लगेच सगळ्यांच्या पोटात दुखायला लागलं.

"खरं सांग, उत्तरं कुणी पुरवली?" भरती कचेरीतल्या सार्जंट पुलियमने विचारलं.

"खिसे उलटे करून आत सोडलं मला. समोर कॅमेरा, बाजूला भिंत. कोण पुरवणार? भिंत?"

"नेपियर, तोंड आवर."

"आवरते. तुम्ही प्रश्न आवरा."

पुलियम तसा वाईट माणूस नव्हता. पण त्या महिन्यात त्याला आचारी हवे होते, आणि चौतीस गुणांवर मिळण्यासारखं काम तेच होतं. डेल्सीला हेलिकॉप्टर दुरुस्तीत जायचं होतं. त्यासाठी परीक्षेच्या यंत्रकामाच्या भागात, ज्याचे गुण वेगळ्या मापाने मोजत, एकशे चार लागत, आणि तिला पडले होते एकशे नऊ. पण नियम असा, की थोड्या महिन्यांत वीसच्या वर गुण वाढले की माणूस संशयित. त्याने लुईव्हिलच्या केंद्रात जाऊन खात्रीची परीक्षा द्यायची. तिथे घसरला तर एकाहत्तर गेले. बहुतेक पोरं या धास्तीने जातच नाहीत.

"जुन्या गुणांवर सही करून मोकळी हो," पुलियम म्हणाला. "चौकशीच्या भानगडीत कशाला पडतेस? स्वयंपाकघरातही देशसेवाच असते, बाई."

"मग तुम्ही लाटा ना बिस्किटं. मी लुईव्हिलला येते."

तिला शाळेत अपूर्णांक कुणी शिकवलेच नव्हते. मागच्या बाकावर बसवून ठेवायचे आणि वर्ष संपलं की पुढच्या वर्गात ढकलायचे. ते सगळं ती या चार महिन्यांत लाँड्रीतल्या ड्रायरवर पुस्तक ठेवून शिकली होती. ड्रायरचे पट्टे तर ती सोळाव्या वर्षापासून स्वतःच बदलत होती. तिला राग होता, आणि तो रास्त होता. पुलियमपेक्षा जास्त राग त्या मागच्या बाकाचा होता.

लुईव्हिलला परीक्षेच्या खोलीत एक करड्या केसांची बाई तिच्या खुर्चीमागेच उभी राहिली. डेल्सीच्या मानेवर घाम आला. पहिले दोन प्रश्न तिने वाचले, पण डोक्यात एक अक्षर शिरेना. मग तिने मागे वळून सांगितलं, "ताई, तुम्हाला बघायचंय ना, मग शेजारी बसून बघा. पाठीमागचं माणूस मला चालत नाही."

बाई खुर्ची ओढून शेजारी बसली.

त्र्याहत्तर.

तिला गाडीने घेऊन आलेल्या पुलियमने आकडा दोनदा वाचला आणि घसा खाकरला. "बरं. म्हणजे... बरं."

"एवढंच?"

"अभिनंदन, नेपियर."

पण पुढच्या खोलीत कामं वाटणारा हॅस्किन बसला होता. त्याने पडद्यावर बोट फिरवलं. "हेलिकॉप्टरच्या जागा भरल्या. आचारी घे. आत गेलीस की बदली करून घेता येते."

"ते लिहून द्या."

"असं कुणी लिहून देत नसतं."

"मग अशी कुणी सही करत नसतं."

"तू इथवर आलीस, वैद्यकीय तपासणी झाली. आता माघार घेता येत नाही."

खोलीतली बाकीची पोरं खाली मान घालून बसली होती. त्यांनाही सकाळपासून हेच सांगितलं गेलं होतं आणि त्यांनी ते खरं मानलं होतं. डेल्सीने मात्र हातातला फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता.

"मी अजून शपथ घेतली नाही, साहेब. शपथ होईपर्यंत मी लाँड्रीवाली आहे, आणि लाँड्रीवालीला तुम्ही हुकूम सोडू शकत नाही." तिने पिशवी उचलली. "हेलिकॉप्टर असेल तेव्हा फोन करा."

घरी आई म्हणाली, "डेल्से, हातचं घालवलंस की गं." डेल्सीला रात्रभर झोप लागली नाही. आईचं खरं निघालं तर जन्मभर दुसऱ्यांच्या चादरी वाळवायच्या, हे तिलाही कळत होतं.

पुलियमचे फोन येत राहिले. आचारी आहे. ट्रक आहे. कोठाराचं काम आहे, बसून करायचं. दर वेळी ती "हेलिकॉप्टर" एवढंच म्हणायची आणि फोन ठेवून द्यायची.

सहाव्या आठवड्यात ड्रायर उघडा टाकून ती आत हात घालून बसली होती, तेव्हा पुन्हा फोन वाजला.

"एक जागा निघाली आहे," पुलियम म्हणाला. "उद्या सकाळी सही करायला ये."

"कागद समोर आहे तुमच्या?"

"आहे."

"कामाचं नाव वाचा."

"हेलिकॉप्टर दुरुस्ती."

"खाली अजून काय लिहिलंय?"

"नेपियर, कागदावर सगळं आहे. उद्या बघशीलच की."

"वाचा, सार्जंट. आज मी पाठीमागे उभी आहे असं समजा."

मग पुलियम पहिल्या ओळीपासून वाचू लागला, आणि ती ड्रायरला टेकून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत राहिली.