खांद्यावरचे टाके

बसा जरा, उठायची घाई करू नका. एका फ्रॉकची गोष्ट सांगतो.

मी शूटिंगवरचा ड्रेसवाला. चांगल्या कपड्यांची वाट लावायची, ह्याचे मला पैसे मिळतात. चहाच्या पाण्यात उकळायचं, विटेनं घासायचं, बेतानं फाडायचं. तेव्हाचं पिक्चर होतं एका बेवारस पोरीचं, आणि डिरेक्टरनं पोरगी आणली ती खरीच अनाथाश्रमातली. आई तिला तिथं ठेवून गेली ती परत फिरकलीच नाही. एवढीशी होती, सगळे तिला चिमणी म्हणायचे.

भीक मागायचा सीन निम्मा झाला होता. तिच्या अंगात मी खांद्यावर फाडलेला फ्रॉक. संध्याकाळी पठ्ठीनं तो गुपचूप पिशवीत घातला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आली ती फ्रॉक धुऊन, खांदा शिवून!

"मास्टर, हे काय?" डिरेक्टर ओरडला. "काल फाटका, आज शिवलेला? पडद्यावर जुळणार कसं?"

"मी शिवला," चिमणी म्हणाली. "एवढ्या लोकांसमोर फाटकं घालून कसं यायचं?"

लाइटवाले हसले. डिरेक्टर नाही हसला.

"फाडा."

"तिला बदलून येऊ द्या साहेब, मग फाडतो."

"अंगावरच फाडा. ऊन उतरतंय."

मी कात्री काढली. चिमणीनं खांदा गच्च धरला.

"काका, नको ना. आई कुठंतरी बघेलच की पिक्चर. फाटक्यात दिसले तर तिला वाटेल, तिनं सोडलं म्हणून माझे असे हाल झाले."

"अगं, खोटं असतं ते सगळं."

"तिला काय माहीत? टाके तिनंच शिकवलेत. ती डावरी, म्हणून मी पण उलटेच घालते. बघा."

खरंच, टाके सगळे उलट्या अंगाला कललेले.

इतक्यात डिरेक्टरचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडं गेलं. कॅमेरावाल्याला त्यानं बोटानं खूण केली. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कात्री पुढं न्या. हळूहळू. तिला कळू देऊ नका."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. ह्याला आता फ्रॉक फाडायचाच नव्हता. ह्याला पोरीचं भ्यालेलं तोंड पाहिजे होतं.

पोरगी कात्रीवर नजर ठेवून मागं सरकत होती. मी दोन पावलं पुढं गेलो आणि माझी ही म्हशीएवढी पाठ कॅमेऱ्यासमोर लावून उभा राहिलो.

"ए मास्टर! हटा मधून!"

"नाही हटत."

"काम जाईल!"

"जाऊ द्या."

कुणी हसलं नाही. कात्री मी खिशात घातली. ऊन भिंतीवरून खाली सरकत होतं. डिरेक्टर उन्हाकडं बघायचा, मग माझ्याकडं. शेवटी खेकसला, "घ्या आहे तसाच! आणि ह्या म्हाताऱ्याचा हिशोब करा."

मी पेटी भरेपर्यंत तिचा सीन झाला. मी निघालो तशी चिमणी फाटकाशी पळत आली.

"काका, टाके दिसले असतील का हो?"

"लांबून पण दिसतात, बाळा."

पिक्चर लागलंय आता. लोक रडतात म्हणे. माझा काही पाय वळत नाही तिकडं. तुम्ही जाल, तुम्हीही खुशाल रडा. पण तिचा खांदा आला की जरा आजूबाजूलाही बघा. ते टाके बघून एखादी बाई तोंडाला पदर लावून मधूनच उठली, तर तेवढं एक करा. तिला तशीच जाऊ देऊ नका.